दोघांनाही हरता आले पाहिजे: संग्रहालयांतील विज्ञान-कला कार्यक्रमांची मीमांसा

१७ मार्च १९६० च्या संध्याकाळी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या बागेत ज्याँ तँग्ली या स्विस शिल्पकाराने एक यंत्र चालू केले. सायकलींची चाके, मोटारी, एक जुना पियानो, न्हाणीचा टब, हवामान खात्याचा फुगा असल्या भंगारातून उभा केलेला तो सुमारे आठ मीटर उंचीचा डोलारा होता. त्याला काम एकच नेमून दिले होते: स्वतःला मोडून टाकणे. कोणता भाग कधी सुटावा, कधी पडावा याची जुळणी बेल लॅबोरेटरीजमधले अभियंते बिली क्लूव्हर यांनी सहकाऱ्याच्या मदतीने केली होती. ठरल्याप्रमाणे फार थोडे झाले. काही भाग चाललेच नाहीत, काही भलत्या वेळी चालले, पियानोने पेट घेतला. शेवटी अग्निशमन दलाच्या माणसाने पुढे होऊन प्रकरण विझवले, तेव्हा जमलेल्या मंडळींनी त्याचीच हुर्यो उडवली. सगळा खेळ २७ मिनिटांचा.

विज्ञान आणि कला यांना एका छताखाली आणणारे कार्यक्रम आज जगभरच्या संग्रहालयांत होतात आणि त्यांच्या वंशावळीत ही संध्याकाळ बरीच वरच्या पिढीतली आहे. जाहिराती वाचल्या तर हे सगळे कार्यक्रम सारखेच वाटतात. संवाद, संगम, सीमोल्लंघन हे शब्द सर्वत्र असतात. प्रत्यक्षात त्यांचे अगदी वेगवेगळे प्रकार आहेत. ते प्रकार कोणते, त्यांपैकी कोणत्यात दोन्ही ज्ञानशाखांचा खरोखर संबंध येतो आणि तो आला हे ओळखायचे कशावरून, एवढाच या विवेचनाचा विषय आहे. कार्यक्रम म्हणजे ठरावीक काळात, माणसांच्या हजेरीत, काहीतरी घडणे. मांडून ठेवलेल्या वस्तूंचे प्रदर्शन यात येत नाही, जोवर त्या वस्तूंच्या बाबतीत तिथे काही चाललेले नाही. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण घडणारी गोष्ट फसू शकते.

दुरावा कुठला?

असे कार्यक्रम करावेसे वाटतात, याचे कारण सांगताना बहुतेक जण सी. पी. स्नो यांच्या १९५९ च्या केंब्रिजमधील व्याख्यानापासून सुरुवात करतात: साहित्यिक आणि वैज्ञानिक अशा दोन संस्कृती झाल्या आहेत आणि त्या एकमेकींशी बोलत नाहीत. निदान बरोबर असेल वा नसेल. संग्रहालयांपुरते बोलायचे तर दुराव्याचा एक इतिहास याहून जुना आणि बराच रुक्ष, म्हणजे प्रशासकीय आहे. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनानंतर साउथ केन्सिंग्टनला जे संग्रहालय १८५७ मध्ये उभे राहिले, त्यात यंत्रे, शास्त्रीय उपकरणे, विणकाम, मातीकाम, सगळे एकत्र होते. १९०९ मध्ये त्याची वाटणी झाली. व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियमकडे कला गेली आणि सायन्स म्युझियमकडे विज्ञान. आज एक्झिबिशन रोड या दोघांच्या मधून जातो.

मुंबईत वाटणीची तारीख सापडणार नाही, पण परिणाम तोच. भायखळ्याचे आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम या नावाने उघडले, ते उद्योग, कारागिरी, खनिजे आणि व्यापारी माल यांचे संग्रहालय म्हणून. वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र १९८५ चे. दोन्ही ठिकाणे एकाच शहरात. तरी एकात पाऊल टाकताना दुसऱ्याची आठवण सहसा होत नाही. तेव्हा आजचे कार्यक्रम जे जोडू पाहतात, ते संग्रहालयांनीच आपल्या सोयीसाठी वेगळे केलेले आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

कसोट्या

पहिली कसोटी वगळण्याची. कार्यक्रमातून विज्ञान काढून टाकले तर कलेचा भाग जसाच्या तसा उभा राहतो का? कला काढली तर विज्ञानाचे काही अडते का? दोन्हीकडे काहीच बिघडत नसेल, तर संबंध निमंत्रणपत्रिकेपुरता आहे.

ही कसोटी एकटी पुरत नाही. दिवे काढले तर रंगमंचावर नाटक होणार नाही. म्हणून विद्युतशास्त्र आणि नाट्यकला यांची भेट झाली, असे कोणी म्हणत नाही. म्हणून दुसरी कसोटी, हरण्याची. कलावंताच्या कानाने, डोळ्याने, हाताने वैज्ञानिकाचे म्हणणे खोटे ठरू शकते का? आणि वैज्ञानिकाच्या मोजणीने कलावंताची समजूत? दोघांनाही हरता येईल अशी एखादी वस्तू त्यांच्या मध्ये ठेवलेली असेल, तरच ते एकमेकांशी बोलत आहेत. नाहीतर ते एकमेकांचे कौतुक करत आहेत.

या दुसऱ्या कसोटीचे एक स्वच्छ उदाहरण संग्रहालयातले नाही, पण आपल्याकडचे आहे. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाच्या आधाराने बावीस श्रुतींची मोजणी केली आणि १९१० मध्ये ती इंग्रजी पुस्तकातून मांडली. इकडे जिल्हा न्यायाधीश असलेले अर्नेस्ट क्लेमंट्स त्यांना येऊन मिळाले. दोघांच्या गणितानुसार श्रुती वाजवणारी हार्मोनियम लंडनमध्ये तयार करवून घेण्यात आली. १९१६ मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा ही पेटी जाणकारांपुढे ठेवली गेली. संगीतशास्त्रज्ञ भातखंडे यांचा या सिद्धांताला विरोध होता. वाद झाला, आणि पेटीला परिषदेची मान्यता मिळाली नाही.

या प्रसंगाकडे सहसा संगीताच्या इतिहासातील एक भांडण म्हणून पाहिले जाते. मला तो सार्वजनिक विज्ञान-कला कार्यक्रमाचा उत्तम नमुना वाटतो. एका बाजूला गणित, दुसऱ्या बाजूला गळा, आणि मध्ये जिच्यावर दोघांना बोट ठेवता येईल अशी पेटी. अमूर्त चर्चा असती तर दोन्ही पक्ष संध्याकाळी विजयी होऊन घरी गेले असते. पुढे १९६३ मध्ये नझीर जयराजभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी उपकरणांनी मोजून दाखवले की, एकाच रागातला एकच स्वर वेगवेगळे कलावंत वेगवेगळ्या उंचीवर घेतात. म्हणजे श्रुतींच्या ठाम जागा मानणाऱ्यांना मोजणीनेही हात दिला नाही. हरणे दोन्ही दिशांनी शक्य होते, म्हणूनच त्या पेटीबद्दल आज शंभर वर्षांनंतरही बोलण्यासारखे काही आहे.

या दोन कसोट्या हाती घेऊन प्रकारांकडे वळू.

शेजार

सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे शेजार. संध्याकाळी संग्रहालय उशिरापर्यंत उघडे, एका दालनात व्याख्यान, दुसऱ्यात वाद्यवृंद, मधल्या जागेत खाणेपिणे. लंडनच्या सायन्स म्युझियमच्या प्रौढांसाठीच्या 'लेट्स' या रात्री किंवा सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियमच्या गुरुवारच्या 'आफ्टर डार्क' संध्याकाळी या साच्यात बसतात. अर्थात त्यांच्यात मधूनच याहून बरेच काही घडते. शेजाराला नावे ठेवण्याचे कारण नाही. जो माणूस एरवी संग्रहालयाची पायरी चढला नसता तो आत येतो, ही छोटी गोष्ट नाही. फक्त तिला संबंध म्हणू नये.

मुंबईतला सर्वांत देखणा शेजार कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आहे. होमी भाभा स्वतः चित्रे काढत. संस्थेच्या भिंतींसाठी त्यांनी समकालीन भारतीय चित्रे जाणीवपूर्वक जमवली, आणि प्रवेशदालनात हुसेन यांचे 'भारत भाग्य विधाता' हे लांबलचक भित्तिचित्र आहे. ज्या काळात या चित्रकारांना विकत घेणारे थोडे होते त्या काळात हे घडले, याचे मोल मोठे. पण वगळण्याची कसोटी लावली तर वैश्विक किरणांचे संशोधन भिंती कोऱ्या असत्या तरी झाले असते, आणि तिथल्या संग्रहातले चित्रकार गायतोंडे यांचे चित्र दुसऱ्या भिंतीवरही गायतोंड्यांचेच राहिले असते.

शेजाराचा एक फसवा पोटभेद मात्र बाजूला काढला पाहिजे: सूक्ष्मदर्शकातून वा दुर्बिणीतून घेतलेल्या छायाचित्रांची 'कला' म्हणून मांडणी. हबल दुर्बिणीने १९९५ मध्ये टिपलेले गरुड तेजोमेघातील धूलिस्तंभ घ्या. त्यातले रंग डोळ्याला दिसणारे नव्हेत. आयनीभूत गंधकाच्या प्रकाशाला लाल, हायड्रोजनच्या प्रकाशाला हिरवा आणि ऑक्सिजनच्या प्रकाशाला निळा रंग देऊन ते चित्र तयार केले. हायड्रोजन आणि गंधक या दोन्हींचा मूळ प्रकाश लालच. ते वेगळे दिसावेत म्हणून एकाला हिरवे केले. इथे एक खराखुरा निर्णय आहे, जो चित्रकाराचाही आहे आणि खगोलशास्त्रज्ञाचाही. तोच निर्णय प्रेक्षकांसमोर उलगडून, रंग बदलून, काय हरवते आणि काय उमगते ते दाखवले तर कार्यक्रम होईल. बहुतेक वेळा चित्र चौकटीत लावतात आणि खाली आकाशाच्या भव्यतेविषयी दोन ओळी लिहितात. संबंध समोर असून झाकलेला राहतो.

साक्ष

दुसऱ्या प्रकारात विज्ञान कलाकृतीची साक्ष काढते. याचे आजचे मोठे उदाहरण ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये ८ जुलै २०१९ रोजी सुरू झालेली 'ऑपरेशन नाइट वॉच' ही मोहीम. रेम्ब्राँचे १६४२ चे हे चित्र तीन मीटर पंचाहत्तरहून उंच आणि साडेचार मीटर रुंद. ते तपासणीसाठी आतल्या प्रयोगशाळेत नेण्याऐवजी दालनातच त्याच्याभोवती काचेची खोली बांधली आणि सगळे काम लोकांच्या डोळ्यांदेखत चालवले. क्ष-किरणांच्या प्रतिदीप्तीने चित्राच्या प्रत्येक ठिपक्यात कोणती मूलद्रव्ये आहेत याचा नकाशा काढण्यात आला. त्यासाठी पृष्ठभागाचे ५६ भाग पाडले. एका भागाला सुमारे २४ तास.

काय मिळाले? कॅल्शियमच्या नकाशात खडूमिश्रित रंगाने केलेले मूळ रेखाटन दिसले: शिरस्त्राणावरची पिसे, तलवारी, चित्रकाराने आधी घातलेल्या आणि मग मागे घेतलेल्या गोष्टी. चित्रातल्या लेफ्टनंटच्या भरजरी अंगरख्यावरचा सोनेरी झळाळ आर्सेनिकच्या सल्फाइडांपासून, म्हणजे मनशीळ आणि हरताळ यांच्या कुळातल्या रंगद्रव्यांपासून आला आहे, हे कळले. आणि रंगांखालच्या पायाच्या थराखाली शिशाचा एक अनपेक्षित थर सापडला. कॅनव्हासला दमटपणापासून वाचवण्यासाठी तो दिला असावा, कारण चित्र ज्या सभागृहासाठी काढले तिथली भिंत ओलसर होती, असा तर्क पुढे आला.

हा शेवटचा तर्क पाहण्यासारखा आहे. शिसे आहे हे यंत्राने सांगितले. का आहे हे यंत्राला सांगता येत नाही. त्यासाठी कारखान्याची रीत, त्या काळचे तंत्रग्रंथ आणि एका इमारतीची ओल ठाऊक असणारा माणूस लागला. उलट, चित्रकाराने पूर्वतयारी कशी केली याविषयीच्या कलेतिहासातल्या अनेक अंदाजांना रसायनशास्त्राने जागेवर बसवले किंवा उठवले. हरण्याची कसोटी हा प्रकार बऱ्यापैकी उत्तीर्ण होतो.

उणीव आहे ती प्रेक्षकाच्या बाजूने. काचेबाहेर उभ्या असलेल्या माणसाला दिवसातला बराच वेळ एक यंत्र मिलिमीटर-मिलिमीटरने सरकताना दिसते. यावर हे कंटाळवाणे असल्याचा आक्षेप घेता येईल. मला तेच त्याचे बलस्थान वाटते. वैज्ञानिक काम बहुतांशी असेच दिसते, आणि संग्रहालयाने एकदा तरी ते आतषबाजीशिवाय दाखवले. आपल्याकडे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे स्वतःचे संवर्धन केंद्र आहे. जुन्या लघुचित्रांच्या रंगद्रव्यांवर असे उघड्यावरचे काम अशक्य नाही.

एकच घटना, दोन पाहणारे

तिसरा प्रकार सर्वांत सुपीक आणि करायला सर्वांत अवघड. यात कलाकृती आधी आणि विज्ञान नंतर असे नसते, किंवा उलटही नसते. निसर्गातली एक घटना मध्ये असते: प्रकाश, ध्वनी, भोवरा. तिच्यावर हक्क कोणाचाच नाही.

या प्रकाराला घर मिळाले ते १९६९ मध्ये, एक्सप्लोरेटोरियममध्ये. संस्थापक फ्रँक ओपेनहायमर हे रॉबर्ट ओपेनहायमर यांचे धाकटे बंधू, स्वतः भौतिकशास्त्रज्ञ, अणुबाँबच्या प्रकल्पात काम केलेले. अमेरिकेतील कम्युनिस्टविरोधी चौकशांच्या काळात, १९४९ मध्ये, त्यांची मिनेसोटा विद्यापीठातली नोकरी गेली आणि पुढची वर्षे त्यांनी कोलोरॅडोत गुरे पाळण्यात घालवली. मग गावच्या शाळेत शिकवले, विद्यापीठात परतले, विद्यार्थ्यांना हवा तेव्हा हवा तो प्रयोग करता येईल अशी प्रयोगांची जणू लायब्ररी उभी केली. युरोपातली विज्ञानसंग्रहालये पाहून आल्यावर त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत, १९१५ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेल्या पॅलेस ऑफ फाइन आर्ट्सच्या रिकाम्या, थंडगार शेडमध्ये हे संग्रहालय मांडले. कारखाना दालनातच ठेवला. वस्तू बनताना आणि बिघडताना लोकांना दिसत.

पहिल्याच वर्षी त्यांनी आणलेले प्रदर्शन 'सायबरनेटिक सेरेंडिपिटी' हे होते. यास्या रायखार्ट यांनी ते १९६८ मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कंटेंपररी आर्ट्समध्ये मांडले होते. त्याची एक अट मला फार शहाणपणाची वाटते: कोणती वस्तू कलावंताची, कोणती अभियंत्याची, कोणती गणितज्ञाची, हे माहितीचा मजकूर वाचल्याशिवाय कळू नये. एडवर्ड इनाटोविच यांचे 'सॅम' नावाचे यंत्र त्यात होते. फुलासारखे डोके, त्यात मायक्रोफोन, आणि आवाजाच्या दिशेने वळणारी मान. ओरडण्यापेक्षा हलक्या, टिकून राहणाऱ्या आवाजाला ते दाद देत असे. प्रेक्षक त्याच्यापुढे उभे राहून नेमका कुठला आवाज त्याला चालतो ते शोधत राहत. ते शिल्प पाहत होते की प्रयोग करत होते, हा प्रश्न तिथे उद्भवत नव्हता.

१९७४ पासून एक्सप्लोरेटोरियमने कलावंतांना निवासी म्हणून नेमण्याची पद्धत सुरू केली. ओपेनहायमर यांच्या लेखी कलावंत प्रदर्शन सुशोभित करायला आलेला नव्हता. निसर्गातल्या आकृतिबंधांकडे पाहण्याचा त्याचा एक मार्ग आहे, आणि तो भौतिकशास्त्रज्ञाच्या मार्गाइतकाच चौकशीचा आहे, अशी त्यांची धारणा होती. बॉब मिलर यांचे 'सन पेंटिंग' हे अगदी सुरुवातीचे उदाहरण: आरशाने आत आणलेला सूर्यप्रकाश लोलकांतून फोडून, छोट्या आरशांनी पडद्यावर टाकलेला. प्रकाशाच्या वाटेत माणूस उभा राहिला की चित्र बदलते. नेड काह्न यांनी तिथे वाफेचा उंच भोवरा बांधला. हात घातला की तो मोडतो, हात काढला की पुन्हा जुळतो. काह्न आकार देत नाहीत, आकार जन्मेल अशी परिस्थिती तयार करतात.

इथे माझ्या दुसऱ्या कसोटीला अडचण येते. लोलकाच्या चित्रासमोर कोणाचे म्हणणे पणाला लागते? भौतिकशास्त्रज्ञाचे नाही, प्रकाश फुटतो हे न्यूटनपासून माहीत आहे. मिलर यांचेही नाही. हरतो तो प्रेक्षक. याचे सर्वांत सोपे रूप रंगीत सावल्यांचे. पांढऱ्या भिंतीवर लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे टाकले की भिंत पांढरीच दिसते. माणूस मध्ये उभा राहिला की सावल्या काळ्या पडण्याऐवजी निळसर-हिरव्या, किरमिजी आणि पिवळ्या पडतात. लाल आणि हिरवा मिळून पिवळा, हे शाळेत जलरंग हाताळलेल्या कोणालाही मान्य होत नाही. निळ्यात पिवळा मिसळला की हिरवा, हा चित्रकाराचा नियम त्याच्या बोटांत असतो. प्रकाश मिसळणे ही बेरीज आहे आणि रंगद्रव्य मिसळणे ही वजाबाकी, हे हेल्महोल्ट्झ यांनी १८५२ मध्ये स्पष्ट केले, तोवर विद्वानांनाही हे दोन नियम भांडतात असेच वाटत होते. दिव्यांपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला तो सगळा झगडा स्वतःच्या सावलीत सापडतो. तेव्हा कसोटी थोडी सुधारून घेतो: कोणीतरी हरले पाहिजे, आणि दालनात आलेला माणूसही त्यात धरावा.

याच प्रकारातला एक कार्यक्रम मिरजेच्या वाद्यावर बांधता येईल, आणि त्यासाठी लागणारे सगळे सामान आपल्याकडे आहे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी मिरजेत तंबोरे आणि सतारी बनवायला घेतल्या. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याची सगळी किमया घोडीत असते. घोडीचा माथा किंचित उतरता, गोलसर घासलेला, आणि तार व घोडी यांच्यामध्ये सरकवलेला सुताचा धागा. धागा नेमक्या जागी आला की जवारी लागते आणि तार बोलू लागते.

सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये या घोडीवर लेख लिहिला. यंग यांच्या नियमानुसार तार ज्या बिंदूवर छेडली, तिथे ज्या संनादींचा (मूळ कंपनसंख्येच्या पटीतल्या स्वरांचा) निःस्पंद, म्हणजे न हलणारा, बिंदू येतो, ते संनादी उमटू नयेत. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा संनादी गायब व्हायला हवा. तंबोऱ्यात तो गायब होत नाही. वाकलेल्या घोडीवर टेकत-सुटत कंप पावणाऱ्या तारेला तो नियम लागू पडत नाही, हे रामन यांनी दाखवले. मिरजेच्या कारागिराने नियम मोडला होता, आणि तो कोणाचा नियम आहे हे त्याला माहीत असण्याची गरज नव्हती.

आता हे दालनात मांडा. कारागीर कानस घेऊन बसलेला, शेजारी गायक, मागे पडद्यावर संनादींचा आलेख. धागा काढला की आलेखातल्या वरच्या रेषा खाली बसतात. धागा लावला की उठतात, आणि त्याच क्षणी कान भरतो. पाचव्या संनादीतून येणारा स्वयंभू गंधार ऐकवायचा आणि लगेच साध्या कीबोर्डचा गंधार. दोघांत सुमारे १४ सेंटचा, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याचा फरक आहे. तो सामान्य श्रोत्याला ऐकू येतो का, हे तिथेच हात वर करायला सांगून पाहता येते. वाद्याच्या गुणाचे श्रेय कारागीर भोपळ्याला देत असेल, तर तीच घोडी दुसऱ्या तंबोऱ्यावर चढवून पाहता येते. आणि खुली जवारी व बंद जवारी यांचे आलेख सारखेच आले, पण गायक म्हणाला की वेगळे आहेत, तर चूक गायकाची धरून चालणार नाही. आलेखात काय मोजायचे राहिले ते शोधावे लागेल. यात कारागीर, गायक, भौतिकशास्त्रज्ञ आणि श्रोता, चौघेही हरू शकतात. व्याख्यानाची गरज जवळजवळ उरत नाही.

एकत्र करणे

चौथ्या प्रकारात कलावंत आणि अभियंता मिळून नवे काही तयार करतात. तँग्लीच्या यंत्रानंतर क्लूव्हर यांनी हाच रस्ता धरला. १३ ते २३ ऑक्टोबर १९६६ या काळात न्यूयॉर्कमधील ६९ व्या रेजिमेंटच्या आर्मरीत 'नाइन ईव्हनिंग्ज' झाले. दहा कलावंत, बेल लॅबोरेटरीजमधले तीसेक अभियंते, सुमारे दहा हजार प्रेक्षक. रॉबर्ट रॉशेनबर्ग यांच्या 'ओपन स्कोअर'मध्ये टेनिसचा सामना होता. रॅकेटच्या मुठीत रेडिओ प्रक्षेपक बसवलेला; प्रत्येक फटक्याचा घणघणाट सभागृहभर घुमे आणि एक दिवा विझे. सगळे दिवे गेल्यावर अंधारात शेकडो माणसे जमली, जी प्रेक्षकांना दिसत नव्हती, फक्त अवरक्त कॅमेऱ्यांतून पडद्यावर दिसत होती. जॉन केज यांनी टेलिफोनच्या चालू तारांवरून शहरातल्या ठिकठिकाणचे आवाज आत आणले; आधी ध्वनिमुद्रित केलेले काहीही नाही.

समीक्षकांनी झोडपले. विलंब, बंद पडलेली उपकरणे, लांबलेल्या संध्याकाळी. यातली बरीच टीका रास्त आहे, पण तिच्यातून काढला जाणारा निष्कर्ष पटत नाही. उपकरणे बंद पडली ती कलावंत आणि अभियंते जमत नाहीत म्हणून नव्हे. जे कधीच कोणी केले नव्हते ते प्रत्यक्ष जागेत जुळवून पाहायला पुरेसा वेळ मिळाला नाही म्हणून. वगळण्याच्या कसोटीत हा प्रकार दोन्ही बाजूंनी पास होतो: प्रक्षेपक काढला तर सामना हा नुसता सामना, आणि टेनिसच्या रॅकेटच्या मुठीत मावणारा प्रक्षेपक बनवण्याची गरज कोणत्याही कारखान्याला पडली नसती.

लॉस एंजेलिस काउंटी म्युझियमचा १९६७ ते १९७१ चा कला-तंत्रज्ञान उपक्रम दुसऱ्या टोकाला जातो. मॉरिस टकमन यांनी कलावंतांना मोठमोठ्या कंपन्यांत पाठवले. त्यातून काही कलाकृती झाल्या, बऱ्याच झाल्या नाहीत, आणि निवडलेले कलावंत सगळे पुरुष, यावर सडकून टीका झाली. ती योग्यच होती. त्यातला सर्वांत विचार करायला लावणारा गट म्हणजे रॉबर्ट अर्विन, जेम्स टरेल आणि गॅरेट कंपनीत अंतराळप्रवासातील मानवी संवेदनांवर काम करणारे मानसशास्त्रज्ञ एड वर्ट्झ. तिघांनी प्रतिध्वनिरहित, काळोख्या खोलीत तासन्‌तास बसून, बाहेर आल्यावर जग कसे दिसते-ऐकू येते याचे प्रयोग केले. १९६९ मध्ये टरेल बाहेर पडले. प्रदर्शनात मांडण्यासारखी वस्तू या गटाकडून आलीच नाही. माझ्या दोन्ही कसोट्या इथे लंगड्या पडतात, कारण वगळायला काही समोर नाही. आणि तरी १९७० च्या सुमारास अर्विन यांनी स्टुडिओ सोडून दिला, नंतरचे सारे काम माणसाच्या पाहण्यावरच केले. टरेल यांचे प्रकाशाचे कक्षही त्याच दिशेचे. कार्यक्रम झाला नाही, काम झाले.

वेळ आणि नोंद

या उदाहरणांतून एक व्यावहारिक गोष्ट निघते. शेजाराला पैसा संध्याकाळपुरता लागतो. बाकी तिन्ही प्रकारांना तो आधीच्या महिन्यांसाठी लागतो. आपल्या संस्थांचे अंदाजपत्रक बहुधा उलटे असते: मांडव, फलक, पाहुणे यांना तरतूद, आणि कारागिराला चार आठवडे बसवून ठेवायला नाही. पुण्यात आयुकाच्या आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, जिथे अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करण्याचे काम अनेक वर्षे केले. कार्यशाळा हीच जागा आणि बनवणे हाच कार्यक्रम, हे सूत्र तिथे मुलांसाठी रुजले आहे. प्रौढांसाठी आणि कलावंतांसाठी ते विस्तारायला इमारत नवी लागणार नाही.

दुसरी गोष्ट नोंदीची. कार्यक्रम संपला की तो संपतो. तँग्लीच्या यंत्राचा एक तुकडा तेवढा म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. एक्सप्लोरेटोरियमने आपल्या प्रयोगवस्तू कशा बनवायच्या याची 'कुकबुक' नावाने पुस्तके काढली आणि जगभरच्या विज्ञानकेंद्रांनी त्यावरून आपापल्या वस्तू बनवल्या. लॉस एंजेलिसच्या संग्रहालयाने १९७१ मध्ये जो अहवाल छापला, त्यात झालेल्या कामांबरोबर न झालेल्या कामांचीही पाने आहेत: कलावंतांचे प्रस्ताव, कंपन्यांशी झालेली बोलणी, कुठे काय अडले. अर्विन, टरेल आणि वर्ट्झ यांच्या खोलीतल्या प्रयोगांची टिपणे त्यातच वाचायला मिळतात. बडोद्याच्या पेटीचा वाद आज आपल्याला कळतो तोही परिषदेत बोललेले कोणीतरी लिहून ठेवले म्हणून.